रेडिओचोराचा मृत्यू

'अर्धसत्य'मध्ये अनंत वेलणकरच्या हातून दोन माणसं मरतात. दुसरा म्हणजे खलनायक रामा शेट्टी. त्याचा गळा आवळला जातो तेव्हा प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. 1983 साली पडत होत्या आणि आज एखाद्या फिल्म सोसायटीच्या खेळाला आलेली विशीतली मुलंही त्याच जागी टाळ्या वाजवतात. पहिला माणूस त्याच्या बऱ्याच आधी मेलेला असतो. त्याच्यावर एक लहानसा रेडिओ चोरल्याचा आळ असतो. कोठडीत सबइन्स्पेक्टर वेलणकर त्याला मारायला लागतो आणि मग थांबतच नाही.

या माणसाचं नाव कुणाला सांगता येत नाही. तो कुठला, त्याच्या मागे घरी कोण होतं, हेही नाही. हा चित्रपट मनापासून आवडणाऱ्यांना विचारून पाहा, वेलणकर सस्पेंड कशाने होतो? बरेच जण सांगतात, शेट्टीने करवलं, राजकारण्यांनी काटा काढला. तसं नाही. तो सस्पेंड होतो कोठडीतल्या या मृत्यूमुळे. म्हणजे चाळीस वर्षं आपण एका प्रामाणिक फौजदाराच्या शोकांतिकेबद्दल हळहळतो आहोत आणि त्या शोकांतिकेत ज्याचा जीव गेला त्याला विसरून बसलो आहोत.

गोविंद निहलानी यांचा हा चित्रपट भ्रष्ट पोलीसव्यवस्थेशी झुंजणाऱ्या सरळ माणसाचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. ते खरंच आहे. पण पैसे न खाणं आणि हाती आलेल्या अधिकाराशी प्रामाणिक राहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या परखडपणे सांगणारा दुसरा हिंदी पोलीसपट मला माहीत नाही. वेलणकर पहिल्या कसोटीला उतरतो. दुसरीत तो हरतो. त्याच्या हरण्याची किंमत मात्र भलताच कुणीतरी मोजतो.

या चित्रपटाचं मूळ मराठी आहे. श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही कथा हे त्याचं बीज. पानवलकरांनी मुंबईत कस्टम्समध्ये नोकरी केली. गणवेश अंगावर चढला की माणसाच्या चालण्याबोलण्यात काय फरक पडतो, वरिष्ठासमोर तो कसा आक्रसतो आणि हाताखालच्यापुढे कसा फुगतो, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे. अनंतची प्रेयसी ज्योत्स्ना त्याच्या हाती जी कविता देते ती दिलीप चित्रे यांची. तो ती सहज म्हणून वाचायला घेतो आणि वाचता वाचता त्याचा चेहरा बदलत जातो. चक्रव्यूहात शिरलेल्या माणसाची ती कविता. शेट्टी साकारणारे अमरापूरकर मराठी रंगभूमीवरचे. निहलानींनी त्यांना 'हँड्स अप' या नाटकात पाहिलं आणि रामा शेट्टी दिला. तोवर हिंदी सिनेमातला खलनायक ओरडायचा, हसायचा, गुहेत राहायचा. हा माणूस आवाजही चढवत नाही. तो बसल्या जागेवरून फोन उचलतो. त्याला अटक करायला आलेल्या फौजदाराला पलीकडून वरिष्ठाचा हुकूम ऐकवला जातो आणि आल्या पावली परत जावं लागतं. शेट्टी पडद्यावर थोडाच वेळ दिसतो, पण त्या एका फोनमुळे तो सगळा चित्रपट व्यापून राहतो.

हे सारं ज्या मुंबईत घडतं ती 1982-83ची मुंबई आहे. 11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. शहराच्या इतिहासात ती पहिली गाजलेली चकमक मानली जाते. पुढच्याच आठवड्यात, 18 जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि जवळपास अडीच लाख माणसं रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुद्द मुंबईचे पोलीस शिपाई बंड करून उठले. संघटना मोडून काढली गेली, पुढारी पकडले गेले, शहरात जाळपोळ झाली, लष्कराला पाचारण करावं लागलं. ज्यांच्या हातात कायद्याचा दंडुका होता तेच पगार, राहण्याच्या खोल्या आणि साहेबांच्या घरची कामं यांचं गाऱ्हाणं मांडत होते. 'अर्धसत्य'मधलं पोलीस ठाणं या शहरातलं आहे. थकलेलं, कळकट, वरून येणाऱ्या फोनकडे कान लावून बसलेलं. वेलणकरच्या कपाळावरची शीर सतत ताणलेली असते त्यामागे हे सारं वर्ष उभं आहे.

भ्रष्टाचार त्याच्यापर्यंत कसा पोचतो, याकडे मी पुन्हा पुन्हा परत जातो. पोलीसपटांत तो बहुधा नोटांच्या पाकिटातून येतो. नायक पाकीट भिरकावतो आणि आपण सुखावतो. इथे तो उपकाराच्या रूपाने येतो. झोपडपट्टीतला एक माणूस तक्रार घेऊन येतो की गुंड त्याच्या बायकोला छळतात. वेलणकर त्या गुंडांना शोधून काढतो, आत टाकतो, झोडपतो. ते एका आमदाराची माणसं निघतात आणि वेलणकरवरच निलंबनाची तलवार लटकते. त्याला सोडवतो त्याचा वरिष्ठ, इन्स्पेक्टर हैदर अली. दिल्लीपर्यंत हात पोचलेला देसाई नावाचा एक मध्यस्थ आहे. त्याच्याकडे शब्द टाकला जातो आणि प्रकरण मिटतं.

म्हणजे सरळ वागल्याबद्दल अडकलेला माणूस वाकड्या वाटेने सुटतो. त्याने एक पैसाही घेतलेला नाही, पण आता तो ऋणी आहे. बदली थांबवायची असेल, चांगलं ठाणं हवं असेल, चौकशी दाबायची असेल तर पोलीस खात्यात 'सेटिंग' लावावं लागतं आणि ते लावणारा माणूस पुढे केव्हातरी त्याची आठवण करून देतो. हप्ता हा या यंत्राचा सगळ्यात दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे बदली, बढती आणि निलंबन. हा लगाम राजकारण्यांच्या हाती आहे तोवर हप्ता न घेणारा अधिकारीही त्यांच्या मुठीत राहतो. तेंडुलकरांनी हे एकाही भाषणाविना दाखवलं आहे.

शफी इनामदार यांचा हैदर अली मला म्हणूनच या चित्रपटातला सर्वांत भेदक माणूस वाटतो. तो लबाड नाही. त्याची वेलणकरवर माया आहे. आपल्या धाकट्या सहकाऱ्याने उन्मळून पडू नये असं त्याला मनापासून वाटतं. त्याने व्यवस्थेशी कधीच तह केला आहे आणि त्या तहात जेवढी माणुसकी शिल्लक ठेवता येईल तेवढी तो ठेवतो. शेवटी रामा शेट्टीकडे जाण्याचा सल्लाही तोच देतो, आणि तो मित्राच्याच काळजीने देतो. वाईट माणसांपासून सावध राहता येतं. हैदर अलीसारख्या चांगल्या माणसाच्या काळजीपासून कसं वाचायचं?

दुसऱ्या टोकाला माइक लोबो आहे. नसीरुद्दीन शाह यांची भूमिका छोटी आहे, दारूच्या घोटासाठी हात पसरणारा बडतर्फ अधिकारी. न वाकणाऱ्याचं खातं काय करतं, हे वेलणकरला त्याच्यात दिसतं. त्यात एक दिवस तो जीव धोक्यात घालून एका खतरनाक दरोडेखोराला पकडतो आणि श्रेय दुसराच अधिकारी घेऊन जातो. रामा शेट्टी निवडणुकीला उभा राहतो, आणि बंदोबस्ताला वेलणकर. दारू वाढत जाते. मग त्या रात्री कोठडीत रेडिओचा चोर समोर येतो.

इथे आपण सगळे वेलणकरच्या बाजूने कारणं पुरवायला धावतो. अपमान साठला होता, व्यवस्थेने त्याला तिथवर ढकललं. ही कारणं खोटी नाहीत. पण पटकथा एवढ्यावर थांबत नाही. अनंतचा बाप गावाकडचा निवृत्त पोलीस आहे. अमरीश पुरींनी त्याला उभ्या देहाची जरब दिली आहे. तो बायकोला मारायचा. माधुरी पुरंदरे यांनी साकारलेली ती आई आणि कोपऱ्यात उभा राहून पाहणारा लहान अनंत, काही करू न शकलेला. मुलाला कॉलेजात पुढे शिकायचं होतं, बापाने पोलिसात घातलं. अनंतला बापाचा तिरस्कार आहे आणि बापाचाच हात त्याच्या खांद्याला फुटला आहे. झोपडपट्टीतल्या गुंडांना तो बदडतो तेव्हा आपल्याला बरं वाटतं, कारण ते गुंड असतात. चोराला मारणारा हात तोच आहे. त्याच्यापुढे कोण येतं एवढाच फरक. स्मिता पाटील यांच्या ज्योत्स्नाला हे आपल्या आधी दिसतं. ती कॉलेजात शिकवते. या माणसावर तिचं प्रेम आहे, पण त्याच्यातल्या हिंसेला ती व्यवस्थेच्या अन्यायाची सबब देत नाही. प्रेक्षकांना ती थंड वाटते, असं मी अनेकदा ऐकलं आहे. मला ती या चित्रपटातली सगळ्यात स्वच्छ नजरेची व्यक्ती वाटते.

तेंडुलकरांना हा विषय अचानक सुचलेला नव्हता. सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिपवर त्यांनी समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता. त्याच्याही आधी, 1972 साली, 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं होतं. पुण्याच्या इतिहासातला घाशीरामही पोलीस अधिकारीच. 1791 साली त्याच्या कोठडीत कोंडलेल्या परप्रांतीय ब्राह्मणांपैकी बरेच जण गुदमरून मेले आणि पुणेकरांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. नाटकात नाना फडणवीस गरज संपताच कोतवालाला जमावाच्या हवाली करून मोकळा होतो. म्हणजे वेलणकरच्या अकरा वर्षं आधीच तेंडुलकरांनी हे लिहून ठेवलं होतं. सत्तेने पाळलेला अधिकारी, कोठडीतले मृत्यू, आणि शिक्षा करून स्वतःला धुऊन घेणारी व्यवस्था.

आणखी जवळचा दुवा 'आक्रोश'चा आहे. 1980 सालच्या त्या चित्रपटात लेखक तेंडुलकर, दिग्दर्शक निहलानी आणि मध्यवर्ती भूमिकेत ओम पुरी. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू पोलीस, वकील, न्यायालय कुणापुढेच तोंड उघडत नाही. तीनच वर्षांनी तोच नट, त्याच लेखक-दिग्दर्शकाच्या हाताखाली, खाकी घालून कोठडीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिला. ओम पुरींना 'अर्धसत्य'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कार्लोव्ही व्हॅरीच्या महोत्सवातही ते सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. पण मला त्यांची ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत. वेलणकर ज्याला मारतो तो कुणीतरी लहान्याच आहे. हा धागा धरून पाहिलं की 'अर्धसत्य' खूप अस्वस्थ करतो.

परदेशात हाच विषय दहा वर्षं आधी पडद्यावर आला होता. सिडनी ल्युमेट यांचा 'सर्पिको' 1973चा, अल पचिनोचा. फ्रँक सर्पिको हा न्यूयॉर्क पोलिसांतला खराखुरा साध्या वेशातला शिपाई. जुगारवाल्यांकडून येणारा हप्ता सगळं पथक वाटून घेत होतं. त्याने नकार दिला, वर तक्रारी केल्या, कुणी ऐकलं नाही. शेवटी एप्रिल 1970 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी आली आणि महापौरांना नॅप आयोग नेमावा लागला. फेब्रुवारी 1971 मध्ये ब्रुकलिनमधल्या एका छाप्यात दारात अडकलेल्या सर्पिकोच्या तोंडावर गोळी झाडली गेली. तो वाचला आणि आयोगापुढे त्याने जाहीर साक्ष दिली. त्याची लढाई एकट्याची होती, पण त्याच्या बाजूला डेव्हिड डर्क नावाचा एक सहकारी होता, एक वर्तमानपत्र होतं, जाहीर सुनावणी होती. वेलणकरला यातलं काहीच नाही. त्याच्या रागाला जायला वाटच नसते. तो मग खाली, सगळ्यात दुबळ्या माणसावर जाऊन कोसळतो.

आयोग आपल्याकडेही होता. आणीबाणीनंतर, 1977 साली, धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. 1979 ते 1981 या काळात त्याने आठ अहवाल दिले. देशात होणाऱ्या अटकांपैकी सुमारे 60 टक्के अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, असं त्याने नोंदवलं. अधिकाऱ्याला ठरावीक मुदत द्या, बदल्यांवरचा राजकीय हात काढा, कोठडीत मृत्यू झाला तर न्यायालयीन चौकशी सक्तीची करा, असंही सुचवलं. 'अर्धसत्य' पडद्यावर आला तेव्हा हे आठही अहवाल सरकारदरबारी पडून होते. हैदर अलीला देसाईची गरज पडू नये आणि रेडिओचोराने जिवंत बाहेर यावं यासाठी लागणारे उपाय कागदावर तयार होते, एवढाच याचा अर्थ.

त्या रेडिओचोराच्या फाईलचं पुढे काय झालं असतं? चित्रपट सांगत नाही, पण तेव्हाची रीत माहीत आहे. स्टेशन डायरीत नोंद, अकस्मात मृत्यू म्हणून कागद, पंचनामा, शवविच्छेदन. मग कार्यकारी दंडाधिकाऱ्याची चौकशी. म्हणजे प्रशासनातलाच अधिकारी प्रशासनातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याबद्दल काय ते ठरवणार. खटला उभा राहिलाच तर पुरावा कुठून आणायचा? कोठडीत कुणी परका नसतो. जे हजर असतात ते एकाच ठाण्यातले. 1985 साली विधी आयोगाने आपल्या 113व्या अहवालात यावर नेमका तोडगा सुचवला. पोलिसांच्या ताब्यात असताना माणसाला इजा झाली असेल तर ती त्या पोलिसानेच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, आणि तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी पोलिसावर यावी. साक्षीपुरावा कायद्यात 114 ब असं कलम घालावं, अशी शिफारस होती. ती अमलात आली नाही.

त्यानंतर काहीच झालं नाही असं नाही. 1993 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची खबर 24 तासांच्या आत आपल्याला द्यावी असा दंडक घातला. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. अटकेचा पंचनामा, घरच्यांना खबर, ठरावीक अंतराने वैद्यकीय तपासणी. 2005च्या दुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी सक्तीची झाली. 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्याच्या निकालात बदल्यांसाठी आस्थापना मंडळं आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरणं नेमण्याचे आदेश निघाले. महाराष्ट्राने 2014 साली कायदा दुरुस्त करून त्यांची तरतूद केली. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीतसुद्धा, सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. म्हणजे 1983च्या वेलणकरच्या वेळी कोठडीत जो डोळा नव्हता, तो आता कायद्याने तिथे असायला हवा.

तरीही नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण पोलीस ठाण्यात मेला. मारहाणीत त्याचा जीव गेला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि आरोपी पळाला असा बनाव रचला, असा आरोप ठेवून ज्यांना अटक झाली त्यांत मुख्य होता एक उपनिरीक्षक. वेलणकरच्याच हुद्द्याचा. ही बातमी वाचताना मला 'अर्धसत्य'मधली ती रात्र आठवली. आणि हेही वाटलं की चित्रपट संपल्यावर आपण वेलणकरसाठी जेवढं रडलो त्यातलं थोडं तरी त्या चोरासाठी रडलो असतो, तर अशा बातमीनंतर सांगलीबाहेरचा महाराष्ट्र इतक्या लवकर शांत झाला नसता.

उलट टाळ्यांना मात्र पुढे जोर आला. चित्रपट आला त्या 1983 सालची, नाशिकच्या पोलीस प्रशिक्षण महाविद्यालयातली फौजदारांची तुकडी पुढे देशभर गाजली. प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, रवींद्र आंग्रे ही सगळी त्याच तुकडीतली नावं. नव्वदच्या दशकात टोळीयुद्धाने शहर हादरलेलं असताना त्यांच्या चकमकींचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. लोक त्यांचे सत्कार करू लागले. न्यायालयं वेळ लावतात, साक्षीदार फुटतात, गुंड निवडून येतात, मग गोळी घातली तर काय बिघडलं? रामा शेट्टीच्या गळ्याभोवती वेलणकरची बोटं आवळली गेली तेव्हा प्रेक्षागृहाने जो निकाल दिला होता, तोच आता शहर देत होतं. चित्रपटाने हे घडवलं असं मी म्हणत नाही. टोळ्यांची दहशत खरी होती, त्यांनी मारलेली माणसं खरी होती. पण चित्रपटाचा शेवट आपण कसा वाचला, ते इथे उघड होतं. त्या शेवटी वेलणकर विजयी मुद्रेने कुठे जात नाही. तो ठाण्यात जाऊन स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो. आपण गळा लक्षात ठेवला, हजर होणं विसरलो.

वर्सोव्यात नोव्हेंबर 2006 मध्ये झालेल्या एका चकमकीत मारल्या गेलेल्या माणसाचा भाऊ वकील होता. चकमक बनावट आहे म्हणून तो न्यायालयात लढत राहिला. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांनाच जन्मठेप सुनावली. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, सत्र न्यायालयातून सुटलेल्या प्रदीप शर्मांनाही दोषी ठरवलं. या खटल्याला उभं राहायला घरातच एक वकील लागला आणि जवळपास दीड तपाचा काळ लागला. रेडिओ चोरणाऱ्याच्या घरात असा भाऊ कुठून असणार?

1 जुलै 2024 पासून जुना साक्षीपुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही, हे 1872 पासूनचं तत्त्व त्यात टिकून आहे. विधी आयोगाने 1985 साली सुचवलेलं ते कलम मात्र नव्या कायद्यातही नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 साली सही केली, पण त्याला मान्यता देणारा कायदा अजून झालेला नाही. 2010 मध्ये तसं एक विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे बारगळलं. 2017 मध्ये विधी आयोगाने आपल्या 273व्या अहवालासोबत नवा मसुदा दिला, तोही तसाच आहे. हा मसुदा कायदा व्हावा आणि 114 ब पुन्हा मांडलं जावं, ही मागणी आपल्या विधानसभेतल्या आणि संसदेतल्या प्रतिनिधींकडे नाव घेऊन करायला हवी. ती करायला वकील असावं लागत नाही, मतदार असलं तरी पुरतं.